सही करण्याआधी महिनाभराची बिलं जमवा

दिवा-रोहा गाडीत सध्या एक निरोप या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. मला तो एकाच आठवड्यात चौघांनी पाठवला. इन्कम टॅक्स बंद करा, सगळ्या मालावर देशभर एकच विक्रीकर लावा, रिटर्न नको, नोटीस नको. पटत असेल तर खाली नाव लिहा आणि दहा जणांना पाठवा. नागोठण्याला चढलेल्या एका ओळखीच्या माणसाने तर माझ्यासमोरच नाव लिहिलं आणि विचारलं, "तुम्ही का नाही लिहीत?"

आधी माझी बाजू उघड करतो. मी पेणला लोकांची रिटर्नं भरून देतो, आठवड्यातून एक दिवस रोह्याला बसतो. इन्कम टॅक्स गेला तर माझं दुकान बंद. तेव्हा मी सांगतो त्यातून हवं तेवढं वजा करा. पण आकडे तुमच्याच घरचे आहेत, ते तुम्हीच तपासायचे आहेत. माझं मागणं एवढंच आहे की नाव लिहिण्याआधी एक महिना थांबा.

निरोपामागचा राग खोटा नाही. धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याचा कर पगारातच कापला जातो, आणि ज्याच्या घरासमोर दोन गाड्या उभ्या असतात त्याचं उत्पन्न कागदावर अडीच लाख असतं. हे मी रोज बघतो. कल्पनाही कुणा रिकामटेकड्याची नाही. आपल्या मराठवाड्यातल्या अनिल बोकीलांनी 'अर्थक्रांती' या नावाने असाच प्रस्ताव वर्षानुवर्षं मांडला: आयात शुल्क सोडून बाकी सगळे कर रद्द करा आणि बँकेत ज्याच्या खात्यात पैसे जमा होतील त्याच्याकडून सुमारे दोन टक्के कापा. २०१६ च्या नोटाबंदीनंतर हे नाव घरोघरी पोचलं. अमेरिकेतही इन्कम टॅक्स रद्द करून दुकानातल्या शेवटच्या विक्रीवर एकच कर लावावा, असं विधेयक १९९९ पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातं. अजून मंजूर झालेलं नाही.

त्या अमेरिकन विधेयकातली एक गंमत सांगतो, कारण आपल्याकडच्या निरोपांतही तीच हातचलाखी असते. कर २३ टक्के, असं ते म्हणतात. पण शंभराच्या वस्तूवर तीस रुपये कर लावून एकशेतीसला विकली, तर एकशेतीसातले तीस म्हणजे २३ टक्के. आपला वाणी याला सरळ तीस टक्के म्हणेल. कुणी कराचा टक्का सांगितला की आधी विचारा, कशावर?

आता कुणाचं काय वाचणार ते बघू. १ एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स लागत नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. धाटावला, पेणच्या बाजारात, शाळेत, एसटीत काम करणाऱ्या किती जणांचा पगार याच्या वर आहे? माझ्याकडे येणाऱ्यांत तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचा इन्कम टॅक्स आजच शून्य आहे. शून्य रद्द केलं तर हातात शून्यच येतं.

पण सरकारला पैसा लागणारच. २०२३-२४ मध्ये जीएसटीची एकूण वसुली २०.१८ लाख कोटी रुपये होती. व्यक्तींकडून आलेला इन्कम टॅक्स, परतावे वजा जाता, साधारण १०.४४ लाख कोटी, आणि कंपन्यांचा कर ९ लाख कोटींच्या वर. म्हणजे नुसता माणसांचा इन्कम टॅक्स उडवून तेवढीच रक्कम विक्रीतून काढायची, तर विक्रीवरचा कर ढोबळ मानाने दीडपट करावा लागेल. कंपन्यांचाही उडवला तर जवळजवळ दुप्पट. केंद्र-राज्यांच्या वाटणीचा घोळ मी इथे बाजूला ठेवतोय. तो धरला तर गणित सोपं होत नाही, अवघडच होतं.

दीडपट म्हणजे पाचाचे साडेसात आणि अठराचे सत्तावीस. घरात महिन्याला दहा हजारांचा पाच टक्केवाला माल येत असेल, म्हणजे तेल, साखर, चहा, साबण, औषधं, गॅस, तर आज पाचशे रुपये कर जातो, उद्या साडेसातशे जाईल. वर्षाला तीन हजार जास्त, तेही इन्कम टॅक्सचा एक रुपयाही न भरणाऱ्या घरातून. ऐंशी हजारांच्या दुचाकीवर आज १४,४०० कर आहे, तो २१,६०० होईल.

महिना पंचवीस हजारांत संसार करणारा जवळजवळ सगळा पैसा दुकानात खर्च करतो. महिना पाच लाख कमावणारा दोन लाख खर्च करतो आणि उरलेल्या तीन लाखांचे शेअर घेतो, जागा घेतो. विक्रीकर लागतो तो खर्चाला, बचतीला नाही. जागेचं तर आपल्याला सांगायला नको. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पेण-पनवेल-उरणमधल्या १२४ गावांवर नव्या शहराचा शिक्का बसला, आणि आता चहाच्या टपरीवरही गुंठ्याचा भाव विचारतात. शेतकऱ्याने विकलेली गावाकडची शेतजमीन आजही बहुधा करातून सुटते, आणि ते बरोबरच आहे. पण तीच जमीन घेऊन, प्लॉट पाडून तिप्पट भावाने विकणाऱ्याचा नफा आज इन्कम टॅक्समध्ये येतो. तो कर गेला की त्याचा नफा मोकळा आणि तुमच्या साबणावर मात्र जादा पैसे. निरोप पहिल्यांदा कुणी लिहिला ते मला माहीत नाही, पण तो त्या प्लॉट पाडणाऱ्याला नक्की आवडेल.

खाडीकाठच्या मिठागरांच्या या मुलखात हे फार समजावून सांगावं लागू नये. मिठाच्या करावर एवढा संताप का होता? मीठ गरिबालाही तेवढंच लागतं म्हणून. तो कर १९४७ साली गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं: शेतसारा लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही, इन्कम टॅक्स मात्र ठराविक मर्यादेच्या वर कमावणाऱ्यालाच लागतो. तो ऐपत बघतो, सारा बघत नाही.

रोहेकरांना आणखी एका गोष्टीची आठवण करून देतो. चिंतामणराव देशमुख हे आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. वडील रोह्यात वकील. ते देशाचे अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकर आला, म्हणजे मोठी इस्टेट वारसांकडे जाताना कर. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी निकोलस काल्डॉर या इंग्लंडातल्या अर्थशास्त्रज्ञाने भारताच्या करांवर अहवाल दिला आणि त्यात खर्चावर कर सुचवला. पण तो दुकानातल्या गिऱ्हाइकावर नव्हता. श्रीमंत माणूस वर्षभरात किती उधळतो ते मोजून चढत्या दराने लावायचा होता. १९५८ पासून तो लागू झाला, १९६२ मध्ये उठवला, १९६४ मध्ये पुन्हा आणला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. श्रीमंतांचा खर्च मोजणं जमलं नाही, पैसाही फारसा आला नाही. तेव्हा खर्चावर कर ही नवी युक्ती नाही. आपण ती करून बघितली आहे, आणि तीही गरिबाला वगळून.

पेणच्या मूर्तिकारांशी मला वेगळं बोलायचं आहे, कारण "आमच्या मूर्तीवर जीएसटी नाही, आम्हाला काय फरक पडतो" असं हमरापूर-जोह्याकडे ऐकू येतं. शाडूच्या मूर्तीवर कर नाही, खरं आहे. पण रंगावर अठरा टक्के आहे. मूर्ती करमुक्त असल्यामुळे रंगावर भरलेला कर वजा करून मिळत नाही. तो तुमच्या खर्चात मुरतो. कर दीडपट झाला तर आधी तुमचा रंग महागेल आणि मुंबईचा व्यापारी मूर्तीचा भाव वाढवून देईलच असं नाही. 'अर्थक्रांती'च्या बँकेतल्या दोन टक्क्यांनीही सुटका नाही. शाडू गुजरातहून येतो. तिथला व्यापारी, इथला व्यापारी, तुमचा कारखाना, मुंबईचा मंडपवाला, शेवटी गिऱ्हाईक. प्रत्येक हातात पैसे पडले की दोन टक्के, आणि आधीच्या करावरही पुन्हा कर. ज्याचा सगळा माल एकाच छपराखाली बनतो त्या मोठ्या कंपनीला यातले निम्मे टप्पे लागतच नाहीत. करावर कर चढण्याच्या याच रोगामुळे आपण २००५ मध्ये व्हॅट आणि २०१७ मध्ये जीएसटी आणला होता. शिवाय सगळा कारभार बँकेतूनच करा असं पेणमध्ये सांगायला जरा धीर लागतो. बँक अडकली की काय होतं हे, २०१० मध्ये इथलीच बँक अडकल्यापासून, कुणाला समजवावं लागत नाही.

प्रत्येक कुटुंबाला महिन्याला ठराविक रक्कम परत देऊ, असंही त्या अमेरिकन विधेयकात आहे. खात्यात पैसे टाकता येतात हे 'लाडकी बहीण' योजनेत बहिणींनी बघितलं. पडताळणीत नावं गळतात हेही त्यांनीच बघितलं.

आता काय करायचं ते सांगतो. एक तारखेला एक वही घ्या. महिनाभर किराणा, औषधं, रिचार्ज, हॉटेल, हार्डवेअर, सगळ्याचं बिल मागा. वाणी "बिल कशाला?" म्हणेल. ज्याची उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे त्याच्याकडे जीएसटीचं बिल नसेल, आणि त्यात त्याचा गुन्हा नाही. त्याच्या मालाच्या पाकिटावर किंमत असतेच. कर मिळवून छापलेल्या किमतीतून कर काढायचा हिशेब सोपा आहे: अठरा टक्क्यांच्या वस्तूची किंमत गुणिले अठरा, भागिले एकशेअठरा. हजाराच्या रिचार्जवर दीडशेच्या वर जातात. पाच टक्क्यांना गुणिले पाच, भागिले एकशेपाच; हजाराला साधारण अठ्ठेचाळीस. सुटे तांदूळ, सुटे वाल, भाजी, मीठ, आपले पोह्याचे पापड यांच्यापुढे शून्य लिहा. बेरीज निम्मी करून बाराने गुणा, म्हणजे वर्षाला जादा जाणारा कर कळेल. वहीच्या दुसऱ्या पानावर गेल्या वर्षी तुम्ही खरोखर भरलेला इन्कम टॅक्स लिहा. कापला गेलेला नव्हे, भरलेला. ठेवीच्या व्याजावर कर कापला गेलाय आणि उत्पन्न मर्यादेत आहे अशी कितीतरी मंडळी रिटर्न भरतच नाहीत आणि स्वतःचे पैसे सरकारकडे सोडून देतात. आधी ते परत मागा.

दोन्ही पानं बघून ज्यांना अजूनही विक्रीकर स्वस्त वाटेल त्यांनी खुशाल नाव लिहावं. तसे लोक पेण-रोह्यात आहेत, काही माझ्याकडे येतात, आणि स्वतःच्या फायद्याचं मागायचा त्यांना हक्क आहे. बाकीच्यांना मागायचंच असेल तर पेट्रोल-डिझेलही जीएसटीत आणा, म्हणजे त्यावरचा करही बिलावर दिसेल, हे मागावं.

मी माझ्या घरची वही गेल्या महिन्यात लिहिली. आम्ही तिघं, बेरीज आली ११४० रुपये. त्यात स्कूटरचं पेट्रोल नाही. पंपावर पावती मागितली, मुलाने दिलीही, पण तिच्यावर लिटर, भाव आणि रक्कम एवढंच होतं. कर किती, ते छापलेलं नव्हतं.