कामाची हाक आणि नुसता गलका

मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीतली आपली कितीतरी मुलंमुली आज सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. सकाळची गच्च भरलेली लोकल, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली किंवा घणसोली आणि रात्री तोच प्रवास उलटा. घरी दस्तरखान मांडलेलं असतं, पण फोन वाजायचा थांबत नाही. अम्मी विचारतात, "एवढे मेल पाठवतं तरी कोण?" बरेचदा ते 'गिटहब'चे असतात.

गिटहब २००८मध्ये सुरू झालं, २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. अनेकजण मिळून एकाच प्रोग्रामवर काम करतात, ती ही जागा. तिथला एखादा प्रकल्प 'वॉच' केला की त्यातल्या सगळ्या चर्चांचे मेल सुरू होतात. त्रास केवळ जेवणापुरता नाही. या गलक्यात "तुझी तपासणी बाकी आहे" हा एक कामाचा मेल बुडतो आणि नवी नोकरी असेल तर बोल लागतो.

यावर उपाय सोपे आहेत.

प्रकल्पाच्या पानावर 'वॉच' बटण दाबून 'पार्टिसिपेटिंग अँड मेन्शन्स' निवडा. मग तुम्ही भाग घेतलेल्या किंवा तुमचं नाव आलेल्या चर्चांचेच मेल येतील.



एखादी चर्चा लांबली, तर मेलच्या तळाशी असलेलं 'अनसबस्क्राइब' दाबा. पुढे कुणी तुमचं नाव घेतलं, तर मेल पुन्हा येईल.

मेल का आला, याचं कारण गिटहब 'सीसी'च्या पत्त्यात लिहितं. नाव घेतलं, तपासणी मागितली, काम सोपवलं, अशी ती कारणं असतात. जीमेलमध्ये त्यावरून फिल्टर लावा. हे मेल समोर राहू द्या, बाकीचे वेगळ्या लेबलखाली जाऊ द्या.

फोनवरच्या गिटहब ॲपमध्ये कामाचे तास ठरवता येतात, त्याबाहेर ते वाजत नाही. रमजानमध्ये इफ्तारचा वेळ त्यातून वगळता येईल.

सुरक्षेचे इशारे मात्र बंद करू नका. आणि रात्रपाळी किंवा तातडीची जबाबदारी असेल, तर हे बदल करण्याआधी टीमला विचारा.

घरच्यांनीही एक करावं. "फोन ठेव" म्हणण्याआधी "आज काही तातडीचं आहे का?" एवढं विचारावं. असेल तर त्याला दहा मिनिटं द्यावीत, नसेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगावं.