प्रोग्रामिंगचे बिऱ्हाड

एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. मुलगी बी. कॉम. झाली आणि वेबसाइट बनवण्याचे काम शिकावे असे तिने मनावर घेतले. क्लासच्या चालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले, की घरचा लॅपटॉप चालायचा नाही, नवा घ्यावा लागेल. त्याची किंमत क्लासच्या फीहूनही जास्त! ‘‘तिच्या नावाची ठेव मोडावी काय?’’ असे भगिनी विचारतात.

आमचे उत्तर असे, की ठेव आहे तेथेच राहू द्यावी. निदान सहा महिने तरी.

वाचकहो, नवे बिऱ्हाड थाटताना आपण पहिल्या दिवशी फ्रीज आणि सोफा आणतो काय? एक शेगडी, दोन पातेली, तांब्या-भांडे एवढ्यावर पहिला वरणभात होतो. प्रोग्रामिंगचेही तसेच आहे. पान लिहायला एक एडिटर आणि लिहिलेले पाहायला एक ब्राउझर, एवढे पहिल्या महिन्याला पुरे. ब्राउझर घरोघरी आहेच. एडिटर म्हणून मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड घ्यावा. तो २०१५ साली आला, फुकट मिळतो आणि चार जीबी मेमरीच्या यंत्रावरही निमूटपणे चालतो. लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या : तिचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. यंत्र नवी विंडोज घेत नसेल तर लिनक्स मिंट ही प्रणाली विनामूल्य बसवता येते. पण तत्पूर्वी घरचे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवायला विसरू नये. मुंजीचे फोटो गेले तर आजी प्रोग्रामिंगचे नाव काढू देणार नाहीत!

हे सारे फुकट कसे, अशी शंका व्यवहारी माणसाला येणारच. त्याचे मूळ जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत आहे. तेथे टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर रचला. गंमत म्हणजे त्यात पान वाचताही येई आणि लिहिताही येई. पुढे या दोन गोष्टींची वाटणी झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने आपले वेब तंत्र कोणतेही शुल्क न आकारता साऱ्या जगाला खुले करून दिले. त्या दानावर आज आपली मुले शिकत आहेत.

आता प्रत्यक्ष काम. फाइलचे नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ठेवावे. नोटपॅडात लिहिल्यास शेवटी गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटते आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवते. मग पान उघडत नाही आणि मुलगी स्वतःलाच दोष देत बसते. फाइल एक्सप्लोररमध्ये नावांची शेपटे दिसतील अशी सोय आधी करून घ्यावी. दुसरी अडचण खास आपली. मराठी मजकूर लिहून पाहिला, तर कधी कधी डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरेच दिसू लागतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ब्राउझरने पद्धत चुकीची धरली, की एकाची तीन होतात. म्हणून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि पानाच्या आरंभीच चारसेटची ओळ लिहून टाकावी.

महिन्या-दोन महिन्यांनी नोड घ्यावे. रायन डाल यांनी ते २००९ साली काढले. त्यामुळे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेरही चालते. एलटीएस असे लिहिलेली आवृत्तीच घ्यावी. तिची डागडुजी दीर्घकाळ होते. नोड बसवूनही टर्मिनल ‘ही आज्ञा ओळखीची नाही’ म्हणाले, तर रडू नये. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे. कोणती वस्तू कोठल्या फळीवर आहे याची यादी ते उघडतानाच वाचते, आणि आपण सामान मांडले ते नंतर.

मग येतो लोकलहोस्ट. हा पत्ता दुसऱ्या कुणाचा नसून आपल्याच यंत्राचा, १२७.०.०.१. यंत्राची चाळ मानली तर पोर्ट म्हणजे खोली क्रमांक. पुष्कळ धड्यांत ३००० क्रमांकाची खोली सांगतात. ‘पोर्ट वापरात आहे’ असा निरोप आला, तर समजावे, की कालचे बिऱ्हाड अजून हललेले नाही. जुन्या टर्मिनलात कंट्रोल आणि सी दाबले, की खोली रिकामी होते. चाळीत वाढलेल्यांना हे एका वाक्यात कळते. धड्यांतून त्यासाठी पाने खर्ची पडतात.

शेवटचे भांडे गिट. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली ही हिशेबाची वही. कालचे पान आज बिघडले, तर कालचे परत मिळते. मात्र वही काही विसरत नाही. पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची गुप्त किल्ली तिच्यात एकदा नोंदली गेली, की पुढे ती ओळ खोडली तरी जुन्या पानावर राहतेच. अशी वही गिटहबवर सर्वांस खुली झाली असेल तर खोडत बसू नये, किल्लीच बदलावी.

आणि फाइलींची नावे इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावीत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने आपल्याला ही सवय नाही. विंडोज हा भेद मानत नाही, त्यामुळे घरी चित्र दिसते. लिनक्सवरचे सर्व्हर तो मानतात, आणि पाहुण्यांना पान दाखवताना नेमके तेच चित्र गायब होते.