वाऱ्याशी झुंजणारे ट्रक

उत्तनच्या केशवसृष्टीतील शिबिराहून रात्री परतताना काशीमिऱ्याच्या कोंडीत सापडला नाही, असा कार्यकर्ता विरळाच. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांची रांग घोडबंदरच्या वळणावर संपता संपत नाही. या कोंडीत जळणारे डिझेल सर्वांना दिसते. न दिसणारी उधळपट्टी वर्सोव्याचा पूल ओलांडून रस्ता मोकळा झाल्यावर सुरू होते.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटरला जो विरोध, तो 80 ला दुप्पट नव्हे, चौपट! चौकोनी ट्रक समोरची हवा अंगाने ढकलतो आणि मागे भोवरे ओढत नेतो. होडीची नाळ निमुळती हवी, हे उत्तनच्या कोळी बांधवांना कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नव्हते. अमेरिकेत मात्र 1973 मध्ये नासाचे अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलवरून कामावर जाताना शेजारून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याने हेलकावले, तेव्हा त्यांनी या विषयाचा अभ्यास हाती घेतला. एका गाडीवर पत्र्याचा खोका चढवून त्यांनी प्रयोग केले. केवळ उभ्या कडा गोल करताच विरोध सुमारे 40 टक्क्यांनी घटला.

आपला देश गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशांतून आणतो. शासनाने 2017 मध्ये 12 टनांवरील वाहनांसाठी इंधनवापराचे निकष जाहीर केले, हे स्वागतार्हच. पण त्यांची कसोटी 40 आणि 60 च्या स्थिर वेगाला! द्रुतगती मार्गावर मालवाहनांना 2018 पासून 80 ची मुभा आहे. म्हणजे वारा जिथे खरा कर वसूल करतो, तिथे कसोटी पोहोचतच नाही. शिवाय अनेक ट्रक कारखान्यातून नुसती चासी म्हणून बाहेर पडतात. हौदा बांधतो तो रस्त्याकाठचा मिस्त्री. गिऱ्हाईक त्याच्याकडे मजबुती मागते, आकार कोणी मागत नाही.

उपाय अवघड नाहीत. कंटेनर ओढणाऱ्या ट्रकच्या टपावर उतरता पत्रा, चाकांमधल्या मोकळ्या जागेला बाजूची झाकणे, फडफडणार नाही अशी ताणून बांधलेली ताडपत्री. (बुटका माल नेणाऱ्या उघड्या ट्रकवर मात्र तोच टपावरचा पत्रा उलट भार होतो, सरसकट सक्ती नको.) डिझेल हाच मालकाचा सर्वांत मोठा खर्च असल्याने त्याला देशभक्तीचे व्याख्यान देण्याची गरज नाही. महामार्गालगतच्या गॅरेजांत वेल्डिंगचे कसबी हात आहेतच. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेने आपल्या ट्रकांच्या मापाचे साधे नकाशे मराठीत व हिंदीत काढून या मिस्त्र्यांच्या हाती द्यावेत, आणि परिवहन खात्याने तसा पत्रा बसविलेल्या ट्रकला ‘बेकायदा फेरफार’ म्हणून अडवू नये.