भाद्रपदातली दिवाळी
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

सण जवळ आला हे आपल्याला पूर्वी कोण सांगत असे? भिंतीवरचे कॅलेंडर सांगे, काढणीला आलेली बाजरी सांगे, घर सारवायला काढलेली आई सांगे. आता ते काम दुकानांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि दुकानाचे पंचांग भलतेच पुढे धावते. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. ८ तारखेला पितृपक्ष सुरू झाला आणि त्याच दिवशी शिरूरच्या बाजारपेठेत, ज्या दोरीवर परवापर्यंत गणपतीच्या मोत्यांच्या कंठ्या होत्या, त्याच दोरीवर आकाशकंदील चढले. वसुबारस होती १७ ऑक्टोबरला. म्हणजे मधे चांगले एकोणचाळीस दिवस! सण चार दिवसांचा आणि त्याची हाक मात्र सव्वा महिन्याची.

कुणी म्हणेल, यात बिघडले कोठे? ज्याला घ्यायचे तो घेईल, नाही त्याने पुढे चालावे. कंदील काय हात धरून ओढतो की काय? मित्रहो, हाच प्रश्न मलाही पडला होता. परंतु गेली दोन वर्षे गणपतीपासून भाऊबीजेपर्यंत, कॉलेज सुटल्यावर दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत, मी एका दुकानात मालाला हात लावणारी आणि गिऱ्हाइकाला दाखवणारी म्हणून उभी आहे. काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसते ते बाहेरून दिसत नाही. म्हणून हा लेख.

आधी दुकानदाराची बाजू सांगते, कारण आमचे शेठ काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. माल पुण्याहून येतो, रविवार पेठेतून, बोहरी आळीतून. घाऊकवाला म्हणतो, गणपतीत माल उचललास तर हा भाव, दसऱ्यानंतर आलास तर तो भाव, आणि त्या वेळी चांगला नग शिल्लक असेल याची हमी नाही. उचललेला माल गोदामात ठेवला तर पैसे अडकतात. टांगला तर दहांतला एक तरी विकतो. शेजारच्याने टांगला आणि आपण टांगला नाही, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. दोघांनीही टांगला नाही तर ते मोबाईलवर मागवते. शेठ म्हणाले, “पोरी, मलाबी पितृपक्षात दिवाळी मांडायची हौस नाही. पण पहिला कोण थांबणार?” हे त्यांचे वाक्य मला पटले. शर्यत सुरू झाली की धावणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. तरीही धावपळीत तुडवले कोण जाते, हे पाहायलाच हवे.

तुडवले जातात ते ज्यांच्या हाती पैसा उशिरा येतो ते. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी म्हणजे इच्छा अधिक ऐपत असे लिहिले आहे. ऐपत असली तरी ती कोणत्या तारखेला असते, हे मात्र त्यात लिहिलेले नाही. आमच्या घरचेच उदाहरण घ्या. दीड एकर जमीन, त्यात बाजरी आणि कांदा. उन्हाळी कांदा चाळीत साठवायचा आणि भाव येईल तेव्हा काढायचा. २०२५ साली भाव आलाच नाही, चाळीतला कांदा मात्र सडत गेला. शेजारच्यांचा ऊस आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे खरा, पण मुळात गाळपच २०२५ साली १ नोव्हेंबरला सुरू झाले. तोवर भाऊबीजही होऊन गेली होती. वाडीतली चार-पाच मुले रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहेत. बोनसचा कायदा मालकाला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत देतो. मार्चअखेर धरली तर ती नोव्हेंबरअखेरपर्यंत जाते. रिवाजाने तो दिवाळीच्या तोंडावर मिळतो, तोही मिळाला तर. आईची भिशी आहे, आठवड्याला शंभर रुपयांची. ती फुटते वसुबारसेच्या आदल्या दिवशी, आधी नाही. भिशीचा सगळा अर्थच तो आहे.

उलट माझे मामा दौंडला असतात, रेल्वेत गँगमन आहेत (आता त्या कामाला ट्रॅकमेंटेनर म्हणतात, पण मामा स्वतःला गँगमनच म्हणतात). रेल्वेचा उत्पादकतेशी जोडलेला बोनस १९७९-८० पासून चालू आहे. २०२५ साली २४ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७८ दिवसांचा बोनस मंजूर केला, जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. दसऱ्याआधी मामांच्या हाती पैसा आला. दौंडच्या बाजारात दसऱ्याला कंदील टांगला तर तो घेणारा माणूस समोर उभा असतो. शिरूरच्या बाजारात तोच कंदील, त्याच तारखेला, बहुतेकांच्या डोक्यावर नुसता लोंबकळतो. दोन गावांमध्ये न्हावरे-चौफुला मार्गे एसटीचा एकच पल्ला, पण पगाराची तारीख बदलली की सणही बदलतो.

आणि लोंबकळणाऱ्या कंदिलाखालून जायचे असते लहान मुलांना. माझा भाऊ तिसरीत आहे. शाळेच्या वाटेवर पेठ लागते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा विचारले, “ताई, आपला कवा आणायचा?” आई म्हणाली, “कांदा इकला की आणू.” त्यानंतर रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. दिवाळी पूर्वीही गरिबाच्या घरी गरिबीतच होत असे, हे मला ठाऊक आहे. परंतु तेव्हा नाही म्हणण्याचे दिवस चार होते. आता ते चाळीस झाले आहेत. दुकानात उभी असताना मी एक गोष्ट पाहिली. पोरे बरोबर असली की कित्येक बाया पेठेतून येतच नाहीत, मागच्या गल्लीने वळसा घालून जातात. एकट्या असल्या की पेठेतून येतात. त्यांना रस्ता बदलावा लागतो, याची नोंद कोणत्या वहीत होते?

काहींना वळसाही जमत नाही. मग उचल घेतली जाते, बचत गटातून नाहीतर हप्त्यावर. ‘शून्य टक्के व्याज’ ही पाटी आमच्या पेठेतल्या मोबाईलच्या दुकानांवरही असते. शून्य व्याज अशी काही चीज नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज कुठे ना कुठे किमतीत नाहीतर शुल्कात दडलेले असते. सण सव्वा महिना आधी दारात आणून उभा केला की उचलही सव्वा महिना आधी घेतली जाते, आणि भिशी फुटते त्या दिवशी ती आधीच खर्च झालेली असते.

पितृपक्षाबद्दल दोन शब्द. त्या पंधरवड्यात खरेदी केली तर पितर कोपतात, यावर माझा विश्वास नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा नसेल, आणि प्राध्यापकांचा तर नसावाच. पण गणपती आणि नवरात्र यांच्यामध्ये पंधरा दिवस बाजार गप्प बसत होता, ही गोष्ट चांगली होती. पितरांसाठी नसेल, पण जिवंत माणसांच्या खिशासाठी होती. तो पंधरवडा आता गेला. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सणाचे सेल २०२३ साली ८ ऑक्टोबरला सुरू झाले. सर्वपित्री अमावास्या होती १४ ला. २०२४ सालीही सेल पितृपक्षातच लागले. श्रद्धा सोडताना तिच्या पोटात काही शहाणपण होते की काय, हे आपण तपासून पाहत नाही. बाजार मात्र बरोबर तेवढेच तपासतो आणि तेवढेच काढून टाकतो.

आता मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट. आमच्या गावचे कुंभारबाबा पणत्या करतात. गाळाची माती, चाक आणि भट्टी, एवढाच त्यांचा कारखाना. पणती चाकावरून उतरली की ती सावलीत आणि मग उन्हात वाळावी लागते. ओली पणती भट्टीत घातली तर तडकते. भाद्रपदात ऊन कुठले? २०२५ च्या सप्टेंबरात तर पाऊस हटायचे नाव घेत नव्हता. त्याच महिन्यात शेजारच्या अहिल्यानगर, सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत अतिवृष्टीने पिके वाहून गेली. कुंभारबाबांच्या पणत्या ओळीने ओट्यावर मांडलेल्या आणि वर प्लॅस्टिकचा कागद. ऑक्टोबरात ऊन पडले, पणत्या वाळल्या, भाजल्या आणि बाजारात आल्या, तोपर्यंत लोकांनी साच्यातल्या रंगीत पणत्या, मेणाच्या पणत्या आणि पाणी घातले की पेटणारे विजेचे दिवे घेऊन टाकले होते. त्या मालाला ऊन लागत नाही. तो कारखान्यात बाराही महिने वाळलेलाच असतो.

म्हणजे दुकान लवकर लागले की फक्त गिऱ्हाइकाचीच नव्हे, तर करणाऱ्याचीही निवड होते. जो माल ऋतूवर अवलंबून नाही तोच पहिल्या दिवशी दोरीवर चढू शकतो. कुंभारबाबांचा माल वाईट म्हणून मागे पडला नाही. तो वेळेवर आला, म्हणून मागे पडला! घरच्या कामट्यांच्या कंदिलाचेही तेच झाले. सहामाही परीक्षा संपल्यावर कामट्या तासायच्या, पतंगी कागद आणायचा, खळ शिजवायची, हा उद्योग दिवाळीच्या सुट्टीतला. पण सुट्टी लागेपर्यंत विकतचा कंदील घरात येऊन धूळ खात असतो. किल्ल्याची मातीही पाऊस उघडल्यावरच हाताशी येते, तर पुण्यात तयार किल्ले विकत मिळतात म्हणे. शिवाजीमहाराजांनीही एक किल्ला असा घेतला नसेल. असो.

हे दुखणे केवळ आपल्या दिवाळीचे आहे असे मात्र नाही. मामांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. दौंड तालुक्याला नाताळ काही नवा नाही. जंक्शनमुळे रेल्वेत ख्रिस्ती माणसे पहिल्यापासून आहेत, आणि पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच तालुक्यात केडगावला आहे. या शेजारच्या काकू नाताळाला करंज्या-शंकरपाळे करतात, आपल्यासारखेच. २०२५ साली भाऊबीजेला मी मामांकडे गेले होते, तेव्हा दौंडच्या एका दुकानात सांताच्या लाल टोप्या आणि चांदण्या लागलेल्या होत्या, तुळशीचे लग्नही व्हायचे होते. मी काकूंना म्हटले, तुमचा सण आला वाटते. त्या म्हणाल्या, “आमचा अजून आला नाही गं. नाताळाआधी चार रविवार आम्ही वाट पाहतो. तो वाट पाहायचाच काळ असतो. दुकानात नाताळ लागला की वाट कसली पाहायची?” त्या वर्षी त्यांचा पहिला आगमन रविवार ३० नोव्हेंबरला होता. टोप्या त्यांच्यासाठी नव्हत्याच मुळी. त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून डिसेंबरात लाल कपडे घालून या अशी चिठ्ठी येते, त्यासाठी होत्या. ज्यांचा सण आहे त्यांना विचारण्याची बाजाराला गरजच उरलेली नाही.

अमेरिकेत तर या ओढाताणीत खुद्द राष्ट्राध्यक्ष पडले होते. तेथे थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर नाताळाची खरेदी सुरू करायची असा संकेत होता. १९३९ साली तो सण नोव्हेंबरच्या अगदी ३० तारखेला येत होता. व्यापाऱ्यांना खरेदीचे दिवस कमी पडतील म्हणून रूझवेल्ट यांनी तो सरळ आठवडाभर अलीकडे ओढला. कित्येक राज्यांनी ते मानले नाही आणि एका देशात एकच सण दोन तारखांना झाला. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. गंमत अशी की तिकडल्या व्यापाऱ्यांना निदान सणाची तारीख बदलून घ्यावी लागली. आपल्याकडे तारीख तशीच राहते आणि दुकान तिला ओलांडून पुढे निघून जाते.

यावर बंदी घाला, दंड करा, असे मी म्हणणार नाही. कंदील टांगणे हा काही गुन्हा नव्हे, आणि बंदीचा पहिला फटका हातगाडीवाल्यालाच बसेल. पण शेठ जे म्हणाले, की पहिला कोण थांबणार, त्याला उत्तर आहे. एकट्याने थांबू नये, सर्वांनी मिळून थांबावे. शिरूरच्या आणि दौंडच्या व्यापारी मंडळींनी एवढेच ठरवावे की दिवाळीचा माल घटस्थापनेनंतर मांडायचा. माझ्या मनात दसरा होता, पण शेठशी बोलल्यावर मी घटस्थापनेवर आले. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तेवढ्यानेही विकायला महिना मिळतो.

आणि लवकर करण्यासारखे एक काम आपल्या महाविद्यालयालाही आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी आपण दरवर्षी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पणत्या लावतो. त्या आयत्या वेळी पेठेतून येतात. त्याऐवजी पाचशे पणत्यांची मागणी कुंभारबाबांकडे उन्हाळ्यातच नोंदवावी आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत. वैशाखाच्या उन्हात पणती दोन दिवसांत वाळते. मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, आगाऊ मिळाले तर हजारही करून ठेवीन, पण हातात काही नसताना उन्हाळ्यात दिवाळीची माती कोण मळणार? विद्यार्थी प्रतिनिधींनी हा विषय वार्षिक परीक्षेच्या आधीच्या सभेत घ्यावा. सरपण त्यांना पावसाआधीच भरावे लागते.