एक रुमाल, एक रविवार

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघरी सारे घर उपसून काढण्याचा संकल्प सोडला जातो. गतवर्षी मीही तो इतक्या आवेशाने सोडला की, माळ्यावरचा तांब्याचा बंब, पितळी घागरी, मोडका पाळणा आणि वडिलांच्या कागदपत्रांची ट्रंक ही सर्व एकाच सकाळी बैठकीच्या खोलीत उतरली, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी पाहुणे दाराशी आले तेव्हा, एकाही वस्तूचा निर्णय न होता, पूर्वीपेक्षा अधिक अस्ताव्यस्तपणे पुन्हा वर गेली. त्या चार दिवसांत घरातील स्त्रियांची जी दमछाक झाली तिचे शल्य मला अद्याप आहे, कारण संकल्प माझा होता आणि श्रम बहुतांशी त्यांचे होते.

घर किती भरले आहे हे पाहून आवराआवरीचा बेत आखण्याची आपली रीतच चुकीची आहे. बेत आखावा तो आवरणाऱ्यापाशी किती घटका मोकळ्या आहेत हे पाहून, आणि आखावा तोही आवरणाऱ्यानेच.

जुन्या दफ्तरखान्यांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल. रियासतकार सरदेसायांनी सरकारी आश्रयाने आणि मोडी जाणणाऱ्या सहायकांच्या साह्याने त्यांतून कागद निवडून १९३० ते १९३४ या अवधीत ४५ खंड सिद्ध केले, तरी मूळ संग्रहाच्या मानाने ती निवड अल्पच होती. मग एका कुटुंबाने तीन पिढ्यांचे दफ्तर सणापूर्वीच्या दोन सुट्ट्यांत निकालात काढावे, ही अपेक्षा अन्यायाची नव्हे काय?

यंदा श्रावणापासून आम्ही दर रविवारी, सकाळचे दोन तास, एकच रुमाल सोडतो. पहिला मान वडिलांच्या ट्रंकेचा. खरेदीखत, सातबाराचे उतारे आणि घरपट्टीच्या पावत्या एकत्र बांधल्या, विजेची जुनी बिले रद्दीत गेली, आणि तेवढ्यात आत्याच्या लग्नाची याद हाती लागली. तिच्यातील मानपानाची एकेक बाब वाचता वाचता, आईकडून त्या त्या माणसाची हकीकत ऐकता ऐकता, उरलेला वेळ संपला. तो वाया गेला असे मी मानीत नाही, कारण काय ठेवावे हे कळण्यासाठी ते काय आहे हे आधी कळावे लागते. ज्यांचा निवाडा झाला नाही ते कागद निराळ्या फडक्यात बांधून वर तारीख घातली आहे; पुढील श्रावणात ते पुन्हा सोडू. आईच्या लुगड्यांना मात्र कोणी हात लावला नाही. बोहारणीस द्यावयाची की गोधडीत घालावयाची, हा अखत्यार सर्वस्वी तिचा.

येत्या रविवारी स्वयंपाकघरातील फडताळाचा खालचा कप्पा निघेल. त्यात कल्हई उडालेली पातेली आहेत; त्यांतली किती काढावयाची, हे पत्नीने ठरविले आहे.