क्लच रस्त्यावर नाही, फडातच जळतो



ऊसतोडीचा हंगाम चालू झाला की आपल्या भागातले निम्मे ट्रॅक्टर नांगर-रोटर सोडून ट्रॉलीला लागतात. हंगाम अर्ध्यावर येतो, तोवर मिस्त्रीच्या दारात रांग असते. कुणाची क्लच प्लेट जळाली, कुणाचा गिअर पडत नाही, कुणाचा ब्रेक लागत नाही. मग चर्चा एकच: कंपनी बोगस, पार्ट डुप्लिकेट, ड्रायव्हर कच्चा.

माझं मत थोडं वेगळं आहे, म्हणून आजचा मेसेज खत-औषधाचा नाही. क्लच आणि गिअरबॉक्सचं नशीब रस्त्यावर ठरत नाही. ते किल्ली फिरवायच्या आधी ठरतं: रानाला शेवटचं पाणी कधी दिलं, ट्रॉलीत किती भरलं आणि उतार लागायच्या आधी कुठला गिअर टाकला, यावर. यातल्या दोन गोष्टी तर ड्रायव्हरच्या हातातच नाहीत. त्या मालकाच्या हातात आहेत.

*आधी क्लच कसा मरतो ते बघू*

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली घर्षणाची प्लेट. पेडल पूर्ण सोडलं की प्लेट घट्ट धरते, घसरत नाही, तापत नाही. पेडल पूर्ण दाबलं की ती मोकळी. बिघडतं ते मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. प्लेट अर्धी धरते, अर्धी घसरते, आणि इंजिनची ताकद चाकाला जायच्या ऐवजी उष्णतेत जाते. भार जितका जास्त तितका वेळ ती घसरते. जळका वास आला म्हणजे प्लेटचं आयुष्य कमी झालंच समजा. असंच चालवत राहिलं की फ्लायव्हीलवर चरे पडतात, बेअरिंग आवाज करायला लागतं, आणि प्लेटचं काम वाढून दुप्पट होतं.

आता सांगा, वर्षभरात सगळ्यात जास्त वेळ हाफ क्लच कुठे होतो? डांबरी रस्त्यावर नाही. ओल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना. चाक फिरतं, गाडी हलत नाही, ड्रायव्हर पुढं-मागं झोके देतो. शेवटी दुसरा ट्रॅक्टर पुढं साखळीनं जोडतात. त्या दहा मिनिटांत दोन्ही ट्रॅक्टरच्या प्लेटा जेवढ्या झिजतात, तेवढ्या साध्या रस्त्यावर कित्येक खेपांत झिजत नाहीत.

*म्हणून पहिला उपाय पाण्याचा*

तोडीच्या आधी साधारण १५ दिवस पाणी बंद करा. भारी काळ्या रानात त्याहून थोडं आधी. हा सल्ला आपण साखर उताऱ्यासाठी ऐकत आलोय. पण त्याचा दुसरा फायदा कुणी सांगत नाही: रान टणक असेल तर ट्रॉली पहिल्या झटक्यात निघते.

आणि यात नुकसान फक्त ट्रॅक्टरचं नाही. ओल्या रानात भरलेली ट्रॉली फिरली की माती दबते, बुडखे चिरडतात आणि खोडव्यात नांग्या पडतात. वाहतूकवाल्याचा क्लच आणि तुमचा खोडवा एकाच चाकाखाली जातो. तोडीची तारीख पुढं-मागं होते, टोळी येईल म्हणून पाणी तोडलं आणि टोळी आलीच नाही असं होतं, हे मला मान्य आहे. पण मग निदान बांधाच्या कडेचा, गाडी निघायचा पट्टा तरी कोरडा ठेवा. सगळ्या रानाला पाणी दिलं तरी शेवटच्या दोन-चार सऱ्या सोडता येतात. वाटेतला पाट आधीच बुजवून घ्या. फावड्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

*दुसरी गोष्ट: किती भरायचं*

इथं वाद होणार हे माहीत आहे. "टनावर पैसे मिळतात, कमी भरून परवडतं का?" हा प्रश्न बरोबर आहे, म्हणून हिशेबच करू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा नेहमीच्या भाराच्या वर तुम्ही ३ टन जास्त घेता आणि टनाला ३०० रुपये मिळतात. वरचे ९०० रुपये झाले. जादा डिझेल आणि टायरची झीज २०० धरा. हातात ७००. आता क्लचचं काम निघालं, पार्ट आणि मजुरी मिळून १८,००० धरा. दोन दिवस गाडी उभी, निव्वळ कमाई बुडाली ६,०००. एकूण २४,०००. म्हणजे एक क्लच गेला की ३४-३५ खेपांची जादा कमाई पुसली. त्यात मध्येच एक टायर फुटला, ट्रॉलीचा एखादा एक्सल वाकला, तर हिशेब उलटाच.

शिवाय दंड. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. रोज कुणी धरत नाही म्हणून आपण ती विसरतो. एकदा धरलं की कित्येक दिवसांची कमाई जाते.

"पण भरणारी टोळी आहे, मुकादम ऐकत नाही." यावर सोपा उपाय आहे. काट्याची पावती तुमच्या हातात असतेच. दोन-तीन खेपांत कळतं की ट्रॉली कुठपर्यंत भरली की किती टन होतात. तिथं ट्रॉलीच्या खुंटावर ऑइल पेंटनं एक रेघ मारा. सरळ ऊस घट्ट बसतो, पडलेला वाकडा ऊस पोकळ बसतो, त्यामुळं रेघ थोडी मागं-पुढं होईल, पण अंदाज पक्का होतो. मुकादमाला तोंडी सांगण्यापेक्षा रेघ दाखवणं सोपं जातं. रेघेच्या वर मोळी जाणार नाही, एवढंच बोलायचं. कुठं रेघ मारायची ते ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मॅन्युअलमधल्या भारावर ठरवा, शेजाऱ्याच्या ट्रॉलीवर नाही.

*तिसरी गोष्ट: उतार आणि न्यूट्रल*

इथं पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. डिझेल वाचवायला आणि गाडी पळवायला उतारावर न्यूट्रल टाकायची सवय आपल्याकडं सर्रास आहे. माझं स्पष्ट मत: ज्या ड्रायव्हरला ही सवय आहे, त्याच्या हातात भरलेली ट्रॉली देऊ नका. मग तो कितीही जुना असो, घरातला असो.

कारण समजून घ्या. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनाचा. मागं त्याच्या चार-पाच पट वजन. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागं ओढून धरतं. न्यूट्रल टाकलं की ही धरणारी ताकद गेली, सगळा भार दोन ब्रेकवर आला. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी शक्ती चौपट होते. ब्रेक तापले की धरत नाहीत. त्या वेगात परत गिअर टाकायला गेलं तर गिअर पडत नाही, किंवा दातांचा खडखडाट करून पडतो. गिअरबॉक्सचे दात तिथंच जातात. मागून ट्रॉली रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

नियम एकच: उतार लागायच्या आधी, सपाटीवर थांबून, खालचा गिअर टाका आणि उतार संपेपर्यंत तो बदलू नका. चढालाही तेच. मध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की गाडी मागं सरकते, आणि तिला सावरताना पुन्हा हाफ क्लच. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडलं जोडपट्टीनं एकत्र आहेत का ते रोज बघा. रानातून निघताना ती पट्टी सुटलेली राहते आणि एकाच चाकाला ब्रेक लागतो.

आणखी एक. ट्रॉली ट्रॅक्टरच्या ठरलेल्या हुकलाच जोडा, उंच जागी नको. वरून ओढलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही, जास्त जोर लावला तर ट्रॅक्टर मागं उलटतो.

*रोजच्या बघायच्या चार गोष्टी*

१) क्लच पेडलला सुरुवातीचा थोडा मोकळा खेळ असायला हवा. किती, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. खेळ संपला की पाय न ठेवताही प्लेट घसरते.

२) इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. त्याच दिवशी दाखवा. प्लेट बदलणं स्वस्त, फ्लायव्हील महाग.

३) गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हेच ऑइल हायड्रॉलिकला आणि ऑइलमधल्या ब्रेकलाही असतं, म्हणजे एक ऑइल खराब झालं की तिन्ही गोष्टी धोक्यात. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला, तासांवर बदला.

४) कारखान्याच्या रांगेत क्लचवर पाय ठेवून बसू नका. गाडी उभी असताना न्यूट्रल आणि हँडब्रेक, चाकाला दगड. न्यूट्रलची जागा एवढीच, उभ्या गाडीत.

*शेवटी मालकांना एक विनंती*

ड्रायव्हरला खेपेवर पैसे दिले की तो खेपा वाढवणार, पळवणार, उतारावर सोडणार. यात त्याचा दोष कमी आणि आपल्या व्यवहाराचा जास्त. जमत असेल तर ड्रायव्हरला महिन्यावर ठेवा, आणि हंगामात क्लचचं काम निघालं नाही तर वर काही बक्षीस ठरवा. एक खेप कमी झाली म्हणून बोलणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मी पिकाचा सल्ला देणारा माणूस, गाडीबद्दल का बोलतोय, असं वाटेल. कारण तोच ट्रॅक्टर नंतर आपल्या खोडव्याला लागतो. तोडीनंतर लगेच पाचट कुट्टी, बुडखे छाटणी, बगला फोडणं, खत देणं ही कामं वेळेत झाली तर खोडवा उभा राहतो. त्याच आठवड्यात ट्रॅक्टर मिस्त्रीकडं असेल तर मी कितीही चांगलं खताचं वेळापत्रक पाठवलं तरी उपयोग नाही.

पटलं नाही तर गटावर लिहा, हिशेबाचे तुमचे आकडे टाका. पटलं तर आजच ऑइल पेंटचा एक छोटा डबा आणा आणि ट्रॉलीवर रेघ मारा. आणि हा मेसेज आपल्या ड्रायव्हरला नुसता पाठवू नका, शेजारी बसवून वाचून दाखवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी