हातोडी कोणाच्या हातात देताय, गुरुजी?



मागच्या आठवड्यात सेनगाव तालुक्यातले एक भाऊ विहारात भेटले. नवरा-बायको दोघंही हळदीच्या हंगामात मजुरीला जातात. मुलगी आता नववीत जाणार. शाळेने एक फॉर्म दिलाय, एका भाषेच्या जागी 'मल्टी स्किल' हा व्यवसाय विषय घेता येतो म्हणून. भाऊ चिडलेले होते. म्हणाले, "दादा, वेल्डिंग आन् वायरिंग शिकायला लेकरू शाळेत घातलं का आपण? बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिला, हे लोक पुन्हा हातोडी देऊ लागले."

तिथल्या तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट मान्य करू. भाऊंचा राग खोटा नाही. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी शाळेची योजना आणली होती. अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोराने चामडं, धोब्याच्या पोराने कपडे, आणि ब्राह्मणाच्या पोराने काय ते सांगायची गरज नाही. पेरियारांनी रान उठवलं, राजाजींना खुर्ची सोडावी लागली आणि १९५४ मध्ये योजना गुंडाळली गेली. आज २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकायला जा असं लिहिलंय. वाचायला गोड आहे. पण त्या दहा दिवसांनंतर कोण दप्तर घेऊन परत येतो आणि कोण तिथेच राहतो, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

माझाच अनुभव सांगतो. आठवीत असताना आमच्या शाळेत तांत्रिक विषयाची वेगळी तुकडी होती. मुख्याध्यापकांनी यादी वाचली आणि वस्तीतली आम्ही सगळी पोरं एकाच तुकडीत निघालो. कोणी आम्हाला विचारलं नव्हतं. "तुम्हाला हे जमेल," एवढंच गुरुजी म्हणाले. त्या एका वाक्यात अख्खी मनुस्मृती होती.

पण पुढचं सांगितलं नाही तर मी खोटं बोललो असं होईल. त्याच तुकडीत मी पहिल्यांदा ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर ठेवला. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर काढायला शिकलो. जे अजून अस्तित्वात नाही ते मापासकट डोळ्यासमोर आणता येतं, हे त्या दिवशी कळलं. माझं दुखणं हातोडीचं नव्हतंच. ती मी निवडली नव्हती, हे दुखणं होतं.

आणि बाबासाहेबांनी फक्त पेन दिला, हे कोणी सांगितलं? २९ ऑक्टोबर १९४२ चं व्हाइसरॉय लिनलिथगोंना दिलेलं निवेदन काढून वाचा. त्यात बाबासाहेब अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागतात, त्याच शिक्षणासाठी परदेशी पाठवायला पैसे मागतात. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून आपली पोरं घ्या म्हणतात. कायदा शिकून वकील झालेला माणूस हे मागतो आहे. पिढीजात काम जातीच्या शिक्क्यासकट येतं. तंत्र शिकून, प्रमाणपत्र घेऊन, पगार ठरवून केलेलं काम त्या शिक्क्यातून सुटायची वाट आहे. हा फरक त्यांना ८० वर्षांपूर्वी दिसत होता. आपल्याला आज दिसत नाही, कारण आपली निम्मी तरुण पोरं पुण्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीचा पाचवा प्रयत्न करत बसली आहेत. त्यांचा अपमान करायचा नाही, मीही तीन वर्षं तिथेच होतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभं राहतंय. गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २६०० कोटींच्या खर्चाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्या भुजांच्या आत इतकी निर्वात पोकळी लागते की नळीच्या एका जोडात डोळ्याला न दिसणारी फट राहिली तरी काम बिघडतं. म्हणजे तिथे वेल्डिंग हे हलकं काम नाही, ते विज्ञानाचाच भाग आहे. निर्वात पंप, लेसर, सेन्सर, मोजमाप, देखभाल, सगळ्याला हात लागणार. हे हात कुठून येणार? आपली पोरं गेटवर शिट्टी घेऊन उभी राहणार की आत मीटर घेऊन? ते आज नववीत असलेल्या पोरापोरींच्या फॉर्मवर ठरतंय.

लायगो लांबची वाटत असेल तर हळद घ्या. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, जिल्हाभर कौतुक झालं. पण हळद शिजवताना वाफेपुढे कोण उभं असतं? पॉलिशच्या ड्रमजवळ ती पिवळी धूळ कोणाच्या छातीत जाते? भाऊंच्या बायकोच्या. त्या ड्रमला धूळ ओढणारं झाकण कसं लावावं हा डिझाइनचा प्रश्न आहे. ज्याने धूळ खाल्ली नाही त्याला तो प्रश्न सुचतच नाही. गटारात माणूस उतरू नये म्हणून केरळच्या तरुणांनी बँडिकूट हा रोबो केला, तो २०१८ मध्ये. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाला गटारासाठी यंत्र इतक्या उशिरा का सुचावं? यंत्र आखणारे आणि गटारात उतरणारे यांची कधी एका वर्गात भेटच झाली नाही.

म्हणून माझं मत, विषय घ्या. पण डोळे उघडे ठेवून घ्या. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हे शिक्षण उभं केलं, तेव्हा त्यात लोखंडकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया सगळं पोरांनी स्वतः करून शिकायचं होतं. तुमच्या शाळेत तसं आहे का ते बघा. वर्कशॉपला कुलूप आणि वहीत नुसत्या व्याख्या असतील तर सरळ नाही म्हणा. यादीत फक्त वस्तीतली नावं असतील तर मुख्याध्यापकांना लेखी कारण मागा. मुलीला 'तू ब्युटी पार्लरचं घे' म्हणत असतील तर तेही विचारा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा सोडू नका, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि हात बसतो. पुढे आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाखेपर्यंतची वाट अशाच हातातून जाते.

या विषयाने अकरावी सायन्स बंद होत नाही, गणित-विज्ञान तसंच राहतं. दहावीनंतर पॉलिटेक्निक आहे. दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगलाही तसाच. आपल्या राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे. ही माहिती जयंतीच्या बॅनरवर कधी छापतो का आपण? डीजेला वर्गणी निघते, एका मल्टिमीटरला निघत नाही.

भाऊंना काल फोन केला. मुलीला विचारलंत का, म्हटलं. ते गप्प झाले. मग फोन तिच्याच हातात दिला. ती म्हणाली, "काका, मला घेऊन बघायचंय, पण सर म्हणले पोरींला वेल्डिंग नाही शिकवत." शनिवारी आम्ही तिघं शाळेत जाणार आहोत.